नागपूरहून वाशीम : एका दिवसाची सहल

सहलीचा बेत करावयास घरातली मंडळी एकत्र बसली म्हणजे काय घडते हे आपणांपैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. कागद पुढे ओढला जातो. एक नाव लिहिले जाते, ‘वाटेतच तर आहे’ म्हणून दुसरे, ‘एवढे आलोच आहोत’ म्हणून तिसरे, आणि चहा निवण्यापूर्वी पाच स्थळांची यादी सिद्ध होते. यादी करताना कोणाचे पाय दुखत नाहीत, हाच यादीचा मोठा दोष होय.

नागपूरहून वाशीम जिल्ह्यात एका दिवसात जाऊन येण्यासाठी अशीच पाच नावांची यादी मी एकदा केली होती. कारंजा, तेथील काळविटांचे अभयारण्य, पोहरादेवी, वाशीम आणि शिरपूर. पहाटे निघालो. कारंज्यात दर्शन यथासांग झाले. पुढे मात्र घड्याळाने आमचा ताबा घेतला. पोहरादेवीला धावतपळत, शिरपूर रद्द, आणि वाशीमला पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. वृद्ध आई मोटारीतून उतरलीच नाही. परतताना ती एवढेच म्हणाली, “मला देव दिसला तो कारंज्यात. पुढे सगळीकडे मी नुसत्या चपला सांभाळल्या.” बेत माझा होता, त्यामुळे प्रत्युत्तर देण्यास जागा नव्हती.

तेव्हा प्रथम हिशेब पाहू. कारंजा नागपुरापासून सुमारे दोनशे किलोमीटर. तेथून मंगरूळपीरवरून वाशीम आणखी साठेक. म्हणजे वाशीमला जाऊन येण्यातच सात-आठ तास खर्ची पडतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कारंजा व मालेगाव हे तालुके नागपूरकरांच्या अंगणाशी आले, हे खरे. परंतु रस्ता जलद झाला म्हणून दिवस लांबत नाही. शिवाय सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागते ती परतीच्या वेळी. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर बसला अपघात होऊन पंचवीस प्रवासी प्राणास मुकले. म्हणून माझा आग्रह असा की, बेत आखताना आरंभाची वेळ नव्हे, तर परत फिरण्याची वेळ प्रथम लिहावी, आणि ती सायंकाळी पाचच्या पलीकडे नसावी. जाण्यायेण्याचे तास वजा केले की हाती पाच तास उरतात. पाच तासांत एक गाव पाहता येते.

ते गाव कोणते, हे घरातल्या माणसांवरून ठरवावे. ज्या घरात गुरुचरित्राचे पारायण होते, त्या घराला कारंजा निराळे सांगावयास नको. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. मुंजीपर्यंत ओंकारावाचून दुसरा शब्द न उच्चारणाऱ्या बालकाची कथा ज्यांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली, त्यांना येथे मार्गदर्शकाची गरज नाही. परंतु कारंजा एवढ्यावर संपत नाही. हे एके काळचे धनाढ्य व्यापारी नगर. १६७० साली सुरतेची दुसरी लूट आटोपल्यावर त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी कारंज्यावर चाल केली, आणि लूट वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली, असे इतिहासकार सांगतात. त्या संपत्तीचा मागमूस आता शोधून सापडणार नाही. दुसरी एक संपत्ती मात्र राहिली. येथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांच्या मंदिरांतून हस्तलिखितांचे भांडार पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. डॉ. हीरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतील ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ ही काव्ये १९३३ आणि १९३४ साली संपादून प्रसिद्ध केली, ती कारंज्याच्या जैन ग्रंथमालांतूनच. मराठीचे कूळ शोधणाऱ्यास अपभ्रंशाच्या दारावरून जावेच लागते, आणि ते दार उघडले गेले त्यात या आडबाजूच्या गावाचा वाटा आहे. मुले बरोबर असतील तर पहाटे लवकर निघून आधी कारंजा-सोहोळ अभयारण्याकडे वळावे. अवघे अठरा चौरस किलोमीटरचे हे माळरान. पण सकाळच्या उन्हात काळविटांचा कळप उधळला म्हणजे मुलांना दुसरे काही दाखवावे लागत नाही.

आता वाशीम. येथे मात्र एक इशारा दिला पाहिजे. रिकाम्या मनाने वाशीमला जाणारा प्रवासी निराश होऊन परततो. बालाजीचे मंदिर तो पाहील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू यांनी उभारलेले ते देवालय भव्य आहे. पद्मतीर्थाच्या पायऱ्या तो उतरेल. पण ज्यासाठी विद्वान मंडळी या गावाचे नाव घेतात ते वत्सगुल्म त्याला कोठेही दिसणार नाही. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने ती शाखा स्थापिली. ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य त्याने रचले, ते आज लुप्त आहे. १९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. यशवंत खुशाल देशपांडे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला, तेव्हा या राजवंशाचा धागा हाती लागला. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. मला यात मोठी मौज वाटते : पूर्वजांची थोरवी सांगावयाची ती देवभाषेत, आणि जमिनीचे बोलणे मात्र लोकांना कळेल अशा भाषेत. आपल्या कचेऱ्यांनी अजून पुरता न गिरवलेला हा कित्ता आहे.

याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. म्हणजे वत्सगुल्माचे वैभव पाहावयाचे असेल तर ते अजिंठ्यास आहे, आणि अजिंठा पाहताना ज्याची आठवण व्हावी ते गाव हे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तोही विदर्भातील याच वत्सगुल्मात. एवढे घरून वाचून गेलेला मनुष्य पद्मतीर्थाच्या काठी तासभर बसू शकतो. न वाचलेला दहा मिनिटांत ‘आता काय’ म्हणून विचारतो. मध्यमेश्वराच्या देवळातही तेच. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’त लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांना जोडणाऱ्या मध्यरेषेवर वत्सगुल्माचे नाव येते. आजच्या नकाशावर वाशीम हे उज्जैनच्या रेखांशाहून सव्वा अंशापेक्षा थोडे अधिक पूर्वेस आहे, म्हणजे सूर्योदयाच्या हिशेबात पाच-साडेपाच मिनिटांचा फरक. जुन्या ज्योतिषांच्या साधनांचा विचार करता ही चूक मला क्षम्यच वाटते. मुलांना नकाशापुस्तक घेऊन हा फरक काढावयास सांगावे. प्रवासातला अर्धा तास सुखाने जातो.

शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ वाशीमपासून जवळ आहे, आणि वाशीमच्या दिवशी वेळ उरलाच तर तेवढे एकच जोडावे. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी राहिली आहे, अशी भक्तांची श्रद्धा. श्वेतांबर व दिगंबर पंथांच्या वादात हे प्रकरण १९२९ साली थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले होते. पुढे १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्ये निघाले. बेचाळीस वर्षे दाराबाहेरून परतलेल्या वृद्ध यात्रेकरूंचा विचार मनात आला म्हणजे आपल्याला दर्शनासाठी थोडे थांबावे लागले याची तक्रार करवत नाही.

पोहरादेवी मात्र स्वतंत्र दिवस मागते. बंजारा समाजाची ही काशी. सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा समाजाच्या परंपरेचे संग्रहालय उघडले आहे. लमाणांचे तांडे धान्य व मीठ लादून देशभर कसे फिरले, हे समजून घेण्यास घाई उपयोगी नाही. रामनवमीला येथे अफाट यात्रा भरते. यात्रा पाहावयाची असेल तर त्या दिवशी जावे, संग्रहालय पाहावयाचे असेल तर खचित जाऊ नये.

ऋतूविषयी एवढेच की चैत्र-वैशाखात वऱ्हाडच्या उन्हात वृद्धांना नेऊ नये. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. दुपारी गाभारा किती वेळ बंद असतो याची चौकशी आदल्या दिवशी करावी, आणि शिदोरी घरचीच असावी.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा गेलो, केवळ वाशीमला. बालाजीचे दर्शन झाले, दशम्या व मिरचीचा ठेचा झाला, आणि मग आई पद्मतीर्थाच्या पायरीवर बसली. शिरपूरची वेळ होत आली तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले. तिने ते पाहिले आणि विचारले, “यादीत आणखी आहे का काही?” मी नाही म्हणालो.