हात वांकडा कीं काठी वेगळी?



इंदापूर तालुक्यांतल्या खेड्यांत सारा जन्म मुलांना मुळाक्षरें आणि पाढे शिकविण्यांत घालविलेल्या एका मॅट्रिक मास्तरानें गोल्फसारख्या खेळाविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मला स्वतःलाहि तें वाटतें. नीरेच्या डाव्या कालव्यानें बारामती-इंदापूरच्या कोरड्या जमिनींत पाणी आणलें, पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखरेचे कारखाने आले. परंतु गोल्फची काठी साठी उलटेपर्यंत माझ्या हातीं आली नव्हती, आणि हा खेळ मी आजहि खेळत नाहीं. तथापि त्या खेळांतल्या एका काठीनें मला म्हातारपणीं एक धडा दिला. तो जितका काठीचा, तितकाच मास्तरकीचाहि आहे, म्हणून आपणांसमोर ठेवतों.

माझा पुतण्या पुण्याच्या एका गोल्फ-मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचें काम करतो. अशा माणसाला कॅडी म्हणतात. हें काम हलकें समजूं नये. 1991 सालीं इंडियन ओपन ही मानाची स्पर्धा जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर आधीं कॅडीच होता. सुटीच्या दिवशीं कॅडींना खेळावयास मिळतें, आणि मधूनमधून त्यांच्या आपसांत चुरशीहि होतात. गेल्या दिवाळींत पुतण्या घरीं आला तो एक जुनी काठी घेऊन. एका वृद्ध खेळाडूनें ती त्याला बक्षीस दिली होती. परंतु पोराचें तोंड उतरलेलें. मीं विचारलें तेव्हां म्हणाला, "तात्या, काठी चांगली आहे, माझा हातच वांकडा आहे. सगळे तसेंच म्हणतात."

हें वाक्य ऐकून मी चमकलों. कां चमकलों, तें शेवटीं सांगेन. आधीं त्या काठीची ओळख करून देतों.

गोल्फमध्यें लांबवरून टोले मारीत खेळाडू अखेर एका गुळगुळीत हिरवळीवर येतो. तेथें चेंडू उडवावयाचा नसतो, गडगडत खळग्यांत न्यावयाचा असतो. या कामाच्या काठीला पटर म्हणतात. 18 खळग्यांच्या मैदानाचा ठरीव हिशेब बहुधा 72 टोल्यांचा असतो, आणि त्यांतले 36, म्हणजे बरोबर निम्मे, पटरचे धरलेले असतात. दिसावयाला हा सर्वांत सोपा टोला. त्याला ना ताकद लागते ना धांव. पण गणित पाहा. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मध्यापासून कांठ सव्वादोन इंचांहून कमीच. चेंडू दहा फुटांवर, म्हणजे 120 इंचांवर आहे असें समजा. दिशा केवळ एका अंशानें चुकली, तर खळग्यापाशीं पोहोंचेपर्यंत चेंडू दोन इंचांहून थोडा अधिक बाजूला गेलेला असतो. त्याचा मध्य अगदीं कांठावर येतो. दोन अंशांची चूक झाली कीं चेंडू सरळ बाहेर. घड्याळाचा मिनिटकांटा एका मिनिटांत सहा अंश फिरतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर सारा खेळ! आणि चेंडू सुटतो तो मुख्यतः, टोल्याच्या क्षणीं पटरचें तोंड जिकडे पाहत असेल तिकडे.

मग हें तोंड वळतें कशानें? हातानें तर वळतेंच; परंतु काठीच्या तोलाचीहि त्याला ओढ असते. ही गोष्ट समजण्यास गोल्फच्या मैदानावर जावें लागत नाहीं. घरांतली कुऱ्हाड घ्या. तिचा दांडा आडवा करून बोटावर असा तोला कीं ती कोणत्याहि टोंकास झुकणार नाहीं. काय दिसतें? पातें आपोआप खालीं लोंबतें, कारण पात्याचें वजन दांड्याच्या एकाच बाजूस आहे. आतां दोन्ही तोंडें सारखीं असलेला घण तसाच तोलून पाहा. तो कोणत्याहि एका बाजूला वळण्याची घाई करीत नाहीं. कुऱ्हाडीला आपली एक इच्छा आहे. घणाला ती नाहीं.

पटरचेंहि तसेंच. त्याच्या डोक्याच्या दांड्याजवळील भागास आपण टाच म्हणूं, आणि दूरच्या टोंकास चवडा. ज्या पटरचा दांडा टाचेशीं बसविलेला असतो, त्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेपासून चवड्याच्या बाजूस पडतो. बोटावर तोलला कीं त्याचा चवडा जमिनीकडे लोंबतो. जुने पातळ पात्यासारखे पटर बहुधा असेच. दुसऱ्या प्रकारांत गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेच्या नेमका मागें येईल अशी योजना केलेली असते. तो बोटावर ठेवला कीं तोंड आकाशाकडे करून स्वस्थ राहतो. या दोहोंच्या मधलेहि पुष्कळ असतात. कांहींचा चवडा थोडा झुकतो, कांहींचा अधिक.

आतां हाताकडे वळूं. नियमाप्रमाणें पटरचा दांडा लंबरेषेपासून निदान 10 अंश कललेला असावा लागतो, आणि खेळाडू चेंडूच्या बाजूस उभा राहतो. त्यामुळें बहुतेकांचा हात नाकासमोर सरळ रेषेंत न जातां किंचित् कमानीनें मागें जातो आणि कमानीनेंच पुढें येतो. अशा हातांत चवड्याकडे जड असलेला पटर शोभतो. मागें जातांना चवडा ओढला जाऊन तोंड थोडें उघडतें. पुढें येतांना तोच चवडा क्षणभर रेंगाळतो, आणि हातानें त्याला मोकळेपणीं वळूं दिलें तर वेळेवर मिटतो. परंतु कांहींजणांचा हात ओळंब्याच्या दोरीप्रमाणें सरळ मागें आणि सरळ पुढें चालतो. त्याच्या हातीं हीच काठी दिली, तर तो तिला वळूं देत नाहीं. चवडा मागें राहतो, तोंड उघडेंच राहतें, आणि उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे निघून जातो. अशा हाताला दुसऱ्या प्रकारचा पटर अधिक मानवतो. काठी शिकविणाऱ्या लोकांचा सर्वसाधारण नियम तो हाच.

या तोलाचा इतिहासहि मनोरंजक आहे. अमेरिकेंतील स्केनेक्टडी गांवच्या आर्थर नाइट नांवाच्या एंजिनियरानें दांडा टाचेऐवजीं डोक्याच्या मध्याजवळ बसविलेला अल्युमिनियमचा पटर बनविला. तो घेऊन वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन खेळाडू 1904 सालीं इंग्लंडांत गेला आणि ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकून आला. पुढें 1910 सालीं सेंट अँड्र्यूजच्या नियामक मंडळानें तसल्या पटरला मनाई केली. ती उठावयास 1951 साल उजाडावें लागलें. नाइट हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नोकरींत होता. आणि योगायोग असा कीं त्याच कंपनींतला दुसरा एक एंजिनियर, नॉर्वेंत जन्मलेला कार्स्टन सोल्हाइम, यानें 1959 सालीं 'पिंग' हा पटर काढला. त्यानें वजन मध्यापासून काढून टाच आणि चवडा या दोन टोंकांस वाटून दिलें, म्हणजे चेंडू मध्यावर न लागतां थोडा बाजूस लागला तरी डोकें फारसें पिरगळत नाहीं. ही वजनाच्या विभागणीची गोष्ट झाली. मघाशीं सांगितलेली लोंबण्याची गोष्ट निराळी. दोहोंची गल्लत करूं नये. अलीकडे तर टोल्याच्या वेळीं तोंडानें उघडूंहि नये आणि मिटूंहि नये, अशा घणाच्या जातीचे पटर निघाले आहेत. 2025 सालीं यू. एस. ओपन जिंकतांना जे. जे. स्पॉन यानें अखेरच्या हिरवळीवर सुमारें 64 फुटांवरून चेंडू खळग्यांत घातला, तो असल्याच पटरनें.

हें सर्व मला त्या दिवाळींत ठाऊक नव्हतें. बरेचसें पुढें वाचून कळलें. त्या दिवशीं माझ्यापाशीं होता तो केवळ मास्तराचा हट्ट. अंगण शेणानें सारवलेलें होतें. त्यावर दोन खुंट्या मारून मीं सुतळी ताणली, खळग्याच्या जागीं खडूनें वर्तुळ काढलें, आणि पुतण्याला सुतळीखालून चेंडू मारावयास सांगितलें. चेंडू निम्म्याहून अधिक वेळां उजवीकडे गेले. परंतु मी चेंडूकडे पाहत नव्हतों, त्याच्या हाताकडे पाहत होतों. काठी सुतळीखालून रेसभर ढळत नव्हती. ज्या पोराला सगळे वांकड्या हाताचा म्हणत, त्याचा हात फूटपट्टीसारखा सरळ होता! मग मीं काठी बोटावर तोलली. चवडा थेट जमिनीकडे लोंबला. तेव्हां माझ्या ध्यानीं आलें कीं काठीला वळावयाचें आहे आणि हा तिला वळूं देत नाहीं. दोघेहि शहाणे, पण जोडी जमलेली नाहीं.

त्याच्या सोबत्याचा दुसऱ्या जातीचा पटर तो मागून घेऊन आला. एक दिवस हा, एक दिवस तो, असें चार दिवस केलें. कारण नवी वस्तु हातीं आली कीं पहिल्या दिवशीं सर्वांचेंच चांगलें होतें, आणि त्या उत्साहाला पुरावा समजणें बरें नव्हे. चारहि दिवसांचा कल एकच दिसला. दुसऱ्या पटरचे चेंडू सुतळीजवळ राहत, जुन्याचे उजवीकडे जात.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. बोटावरचा हा तोल म्हणजे भविष्य नव्हे. मुठीची पकड, उभें राहण्याची रीत, दांड्याची लांबी, नजर, यांचाहि टोल्यावर परिणाम होतो; आणि लोंबत्या चवड्याच्या पटरनें सरळ हात चालविणारे चांगले खेळाडूहि आढळतात. तोलानें हाताचा निकाल लागत नाहीं. हाताला दोष देण्यापूर्वीं कोठें पाहावें, एवढेंच तो सांगतो.

आतां मघाशीं राहिलेली गोष्ट. मी नवा नोकरीस लागलों तेव्हां शाळेंत सुलेखनासाठीं बोरू वापरीत असूं. बोरूच्या टोंकाला तिरका काप द्यावा लागतो, आणि काप देण्याचें काम मीच करीत असें. सर्व मुलांचे बोरू एकाच रीतीनें, मोठ्या अभिमानानें. वर्गांत एक डावखुरा मुलगा होता. त्याच्या अक्षरांत जाड हवी ती रेघ बारीक येई आणि बारीक हवी ती जाड. मीं त्याला सर्वांदेखत म्हटलें, "तुझा हातच वांकडा आहे." त्यानें बोरू खालीं ठेवला, आणि माझ्या वर्गांत असेपर्यंत पुन्हां आपण होऊन हातीं धरला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं पाट्या रंगविणाऱ्या एका कारागिरानें सहज बोलतां बोलतां मला सांगितलें कीं उजव्या हातासाठीं दिलेला काप डाव्या हातांत उलटा पडतो. डावखुऱ्याला काप दुसऱ्या बाजूनें द्यावा. चाकू माझ्या हातांत होता, बोरू माझ्या हातांत होता; चूक मात्र मीं त्या पोराच्या पदरीं बांधली. तो मुलगा पुढें कोठें गेला, मला समजलें नाहीं. पुतण्याच्या तोंडून तेंच वाक्य ऐकलें तेव्हां मी चमकलों तो यामुळें.

पुतण्यापुढें दोन वाटा होत्या: काठी बदलावी किंवा चाल बदलावी. मीं त्याला कोणतीच सांगितली नाहीं. दोन्ही काठ्या बोटावर तोलून दाखविल्या आणि गप्प बसलों. त्यानें जुनीच काठी ठेवली, म्हणाला, "तात्या, म्हाताऱ्या बाबांनीं प्रेमानें दिलीय. ती जशी वळते तसा मीच वळून बघतों." मग त्यानें मूठ सैल केली, खांद्यांनीं कमानींत हात न्यावयाचा सराव आरंभिला. त्याला तीनचार महिने लागले. उन्हाळ्यांत कॅडींची चुरस झाली, ती तो जिंकला नाहीं. परंतु त्या रात्रीं त्याचा फोन आला, आणि हरल्याचें सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आज उजवीकडे फक्त दोनच गेले, तात्या. आणि ते कशानें गेले, तें मला ठाऊक आहे."

मला वाटतें, शिकण्याची सुरुवात येथेंच होते. आपल्या घरांतहि मुलें आहेत, त्यांच्या हातांत लेखणी आहे, कात्री आहे, बॅट आहे, एखादें वाद्य आहे. तें नीट चालत नसेल, तर हाताला नांव ठेवण्यापूर्वीं ती वस्तु एकदां आपल्या बोटावर तोलून पाहा. त्याला वेळ थोडाच लागतो. मीं तो दिला नाहीं, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.