भूतानमधील मुक्काम आणि त्याची मुदतवाढ

नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्याजवळच्या नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत असून, फलाटावरून चालताना राज्याची हद्द ओलांडली तरी कोणी कागद विचारीत नाही. मात्र बंगालमधील जयगावहून भूतानच्या फुन्त्शोलिंग शहरात जाताना, भारतीयांना व्हिसा, म्हणजे परक्या देशाने दिलेली प्रवेशसंमती, लागत नसला तरी, पुढील प्रवासासाठी प्रवेश-परवाना घ्यावाच लागतो. त्यासाठी पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते, आधार चालत नाही, आणि ही बाब घरून निघण्यापूर्वीच पाहून घेणे अत्यंत गरजेचे आहे. परवान्यावर मुक्कामाची मुदत नोंदलेली असते. ती वाढवायची झाल्यास मुदत संपण्यापूर्वीच तेथील आप्रवासन विभागाकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ये-जा व वास्तव्यावर देखरेख करणाऱ्या खात्याकडे, अर्ज करावा लागतो, आणि सप्टेंबर 2022 पासून भारतीय प्रौढांना लागू असलेले शाश्वत विकास शुल्क, प्रत्येक रात्रीचे 1200 रुपये, वाढीव रात्रींसाठीही भरावे लागते. नेपाळात मात्र 1950 च्या मैत्री करारातील सातव्या कलमामुळे भारतीयांना वास्तव्याची परस्पर मुभा असल्याने, अशा मुदतवाढीचा प्रश्नच उद्भवत नाही.