रक्ताचा दाखला



विषमता फार जुनी आहे, पण वंशवाद तिच्या मानानं अलीकडचा. सरदाराला पूर्वी आपलं थोरपण सिद्ध करावं लागत नव्हतं. देवानं दिलं, वाडवडिलांकडून आलं, एवढं सांगितलं की भागायचं. १७५५ साली रूसोनं विषमतेच्या उगमावर प्रबंध लिहिला आणि या थोरपणाचा हिशेब मागितला. वय, शरीर, बुद्धी यांतला फरक निसर्गाचा. धन आणि सत्ता यांतला फरक मात्र माणसांनी घडवलेला आणि माणसांनीच चालू दिलेला, असं त्याचं म्हणणं. १७८९ मध्ये फ्रान्सनं माणसांची जन्मजात समता जाहीर केली आणि ज्यांचं थोरपण गेलं, त्यांना नव्या पुराव्याची गरज पडली.

तो पुरावा आर्थर द गोबिनोनं पुरवला. १८५३ ते १८५५ या काळात त्याचा मानववंशांच्या विषमतेवरचा ग्रंथ चार खंडांत निघाला. संस्कृती उभारण्याचं सामर्थ्य गोऱ्या वंशात, त्यातही आर्यांत. रक्त मिसळलं की ऱ्हास ठरलेला, हा त्याचा सिद्धान्त. गंमत अशी, की गोबिनो स्वतः राष्ट्रवादी नव्हता. सगळंच लयाला चाललंय, असं मानणारा तो निराश उमराव. ही निराशा त्याच्या जर्मन अनुयायांनी कार्यक्रमात बदलली. १८९९ मध्ये याच विचाराच्या ह्यूस्टन चेंबरलेनचा ग्रंथ आला. रक्त राखता येतं, ते राखणं हेच राष्ट्राचं काम, ही दिशा पक्की झाली. नाझींच्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत नागरिकत्व आजी-आजोबांवरून ठरू लागलं.

गोबिनोच्या सिद्धान्तातला धोका फ्रेंच विचारवंत तोकव्हिलनं वेळीच ओळखला होता. १८४९ मध्ये तो परराष्ट्रमंत्री असताना गोबिनो त्याच्याच कचेरीत होता. ग्रंथ वाचून तोकव्हिलनं त्याला लिहिलेल्या पत्रांचा आशय असा: गुलामाला ‘तुझी अवस्था तुझ्या रक्तातच आहे’ असं सांगितलं, तर धडपडायचं कारणच उरत नाही. माणसाचं स्वातंत्र्य इथेच संपतं. पण याच तोकव्हिलनं अल्जीरियावरच्या फ्रेंच स्वारीचं समर्थन केलं. ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार केला, तो ‘मागास’ समाजांना वगळून. स्वातंत्र्याच्या घरातही एक दार बंदच होतं.

ते दार बाहेरच्यांनी ठोठावलं. १८८५ मध्ये हैतीच्या आंतेनोर फिरमँनं पॅरिसमध्ये मानववंशांच्या समतेवर ग्रंथ काढला. नावातच गोबिनोला उत्तर होतं. आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. आर्य बाहेरून आले, ही त्या काळची कल्पना त्यांनी स्वीकारली, पण गौरवासाठी नव्हे, अन्यायाची फिर्याद मांडण्यासाठी. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं, १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ त्यांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त मात्र नाकारला. जाती म्हणजे वेगळे वंश नव्हेत, हे त्यांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं.

तेव्हा श्रोतेहो, कुणी गरिबीचं किंवा मागासपणाचं कारण रक्तात दाखवू लागला, तर त्याच्याशी रक्तावर वाद घालू नका. जमीन कुणाकडे आहे, शाळेत कोण पोचलं, कायदा कुणी केला, एवढं त्याला विचारा. उत्तर तिथेच सापडेल.