उन्हाळी रानमेव्याचा एक सोपा पदार्थ

वैशाख लागला की पुण्याच्या मंडईबाहेर, घाटातल्या वळणांवर, एस. टी.च्या थांब्यांवर करवंदांच्या पाट्या दिसू लागतात. मुळशी, मावळ, भोर या बाजूच्या बायका पहाटे उठून जाळ्यांतून हिंडतात, हातापायांवर काट्यांचे ओरखडे घेऊन ही फळे तोडतात आणि पानांच्या द्रोणांत भरून विकायला बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ हे नाव आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. पण या मैनेचे आयुष्य फार थोडे. पिकलेले करवंद दुसऱ्या दिवशी मऊ पडते, मग त्याला आंबूस वास येऊ लागतो. म्हणून दुपार कलली की बाई भाव उतरवते आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून राहिलेला माल मिळेल त्या किमतीला देऊन टाकते. जांभळाचीही तीच गत. ओढ्याकाठच्या एका झाडाखाली जेवढी जांभळे पडतात, तेवढी खाणार कोण? निम्मी तर पायदळीच जातात.

आज ज्या पदार्थाविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, तो अशा उरलेल्या, जरा मऊ पडलेल्या फळांसाठीच आहे. इंग्रजी मुलखात त्याला ‘क्रिस्प’ किंवा ‘क्रंबल’ म्हणतात. नाव परके असले तरी गोष्ट साधी आहे. खाली गोड केलेली आंबट फळे, वर तूप चोळलेल्या पिठाचा रवाळ थर, आणि दोन्ही एकाच भांड्यात भाजायची. फळांचा दाट रस होतो, वरचा थर खुसखुशीत होतो. झाला पदार्थ! लाटणे नाही, मळणे नाही, पाक करणे नाही.

हा काही श्रीमंतांचा पदार्थ नव्हे, बरे का! ब्रिटनमध्ये १९४० च्या जानेवारीत लोणी आणि साखर यांवर रेशनिंग आले. ते सगळे उठायला १९५४ साल उजाडले. भरपूर लोणी घालून पाय नावाची फळांची बंद पोळी करणे त्या काळात परवडेनासे झाले. मग थोडक्या लोण्यात थोडे पीठ चोळून फळांवर पसरावे, अशी काटकसरीची रीत तिथल्या घराघरांत रुळली. म्हणजे टंचाईने वाढवलेला हा पदार्थ आहे, आणि काटकसरीच्या गृहिणीला तो परका वाटण्याचे कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल, “हे सगळे ठीक, पण आमच्याकडे भट्टी कुठे आहे?” भट्टी नसेना का, वरखाली विस्तव ठेवून भाजण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कोकणातल्या जुन्या घरांत कोबीचे किंवा कोलंबीचे भानोले याच रीतीने होई. पातेले मंद निखाऱ्यावर, वर जड झाकण आणि त्या झाकणावरही निखारे. शहरांतून नानकटाईचे सामान घरून नेऊन बेकरीतून भाजून आणण्याची चालही होतीच. तेव्हा भाजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. फक्त तिच्यात करवंद घालायचे राहिले होते.

आता कृती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. पाच-सहा माणसांचा हा अंदाज आहे.

फळे अर्धा किलो घ्यावीत. करवंदे पूर्ण काळी, पिकलेली हवीत. कच्च्याचा पांढरा चीक ओठांना चिकटतो आणि चवही बिघडवतो. मऊ फळ चालेल, पण आंबलेले किंवा अळी पडलेले नको. पहिला पाऊस पडून गेला की करवंद नीट उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. देठ काढून, फळे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, धुऊन निथळावी. मग अर्धी चिरून टोकाने बिया काढाव्या. जांभळे असतील तर चिरडून आठळ्या काढाव्या. ती तुरट असतात, म्हणून चिमूटभर मीठ जास्त. फळांत १०० ग्रॅम चिरलेला गूळ, एक मोठा चमचा ज्वारीचे पीठ, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ मिसळावी. पाणी मुळीच घालू नये. रस फळातूनच सुटतो, आणि ते चमचाभर पीठ त्या रसाला दाटपणा आणते.

वरच्या थराला १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ६० ग्रॅम कणीक आणि ४० ग्रॅम जाडे पोहे, कोरडे भाजून हाताने भरड चुरलेले. एकूण २०० ग्रॅम झाले. त्यात १०० ग्रॅम साखर किंवा बारीक केलेला गूळ आणि ८० ग्रॅम तूप. तूप थिजलेले हवे. उन्हाळ्यात ते पातळच असते. अशा वेळी वाटी गार पाण्यात ठेवून थिजवून घ्यावे. मग बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, तूप पिठात चोळावे. रव्यासारखे दाणे आणि मधून मधून हरभऱ्याएवढे गोळे झाले की थांबावे. एकजीव गोळा करायचा नाही. गोळा झाला की थराची पोळी होते, आणि खुसखुशीतपणा गेला!

स्टीलच्या पसरट डब्यात फळे दोन बोटे जाडीत पसरावी. वर हे मिश्रण हलक्या हाताने भुरभुरावे, दाबू नये. फळे आंबट असल्यामुळे लोखंडी किंवा बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये.

भाजण्यासाठी जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन वाट्या बारीक वाळू किंवा जाडे मीठ पसरून त्यावर लोखंडी कडे ठेवावे. झाकण घालून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापू द्यावे. मग डबा कड्यावर ठेवून तीन पाव तास भाजावे. गॅसवर करीत असाल तर झाकण किंचित तिरके ठेवा, नाही तर वाफेचे थेंब थरावर पडून तो ओला होतो. चुलीवर करीत असाल तर झाकणावर चार निखारे ठेवा. तापलेल्या झाकणावर वाफ पाणी होऊन साचत नाही आणि थराला वरून रंगही येतो. जुन्या बायका झाकणावर विस्तव का ठेवीत, त्याचे शास्त्र हे असे आहे. भट्टी असेल तर १८० अंश सेल्सिअसवर चाळीस मिनिटे पुरतात. कडेने जांभळा रस खदखदून वर येऊ लागला आणि थर बदामी झाला की उतरावे. लगेच वाढू नये. अर्धा तास निवू द्यावे म्हणजे रस धरतो आणि तोंडही भाजत नाही. वर सायीचे दही किंवा घट्ट गार दूध घ्यावे. आमच्या लोणी काळभोरच्या तर नावातच लोणी आहे. तिथे तूप-सायीची वाण पडू नये!

ज्वारीचे पीठ का, असे कोणी विचारील. गव्हाच्या पिठाला पाणी लागले की ते चिवट होते, म्हणून तर पोळी लाटता येते. ज्वारीत तो चिवटपणा नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते आणि ती चटकन तुटते. भाकरीच्या वेळी जो दोष वाटतो तोच इथे गुण ठरतो. आपल्या कणगीतले धान्य या परदेशी पदार्थाला चांगले मानवते, ते यामुळे.

शाळेतील गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. हा पदार्थ मुलांकडून एकदा करवून घ्या. पीठ, साखर आणि तूप यांचे २०० : १०० : ८० हे प्रमाण फळ्यावर मांडा आणि चाळीस मुलांना किती लागेल ते त्यांनाच काढू द्या. वनस्पतिशास्त्रही येथेच शिकवता येईल. इंग्रजीत स्ट्रॉबेरीला बेरी म्हणतात, पण शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे ती मृदुफळ नव्हेच. तिचा लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. उलट आपले करवंद आणि जांभूळ ही खरी मृदुफळे. हे कळले की मुलांच्या मनात आपल्या माळावरच्या फळाची किंमत वाढते. विस्तवाचे काम मात्र मोठ्या माणसाने हाताशी राहून करावे. तापलेली वाळू बराच वेळ निवत नाही.

आता शेवटचा मुद्दा. स्ट्रॉबेरी बाहेरून आलेली. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या लोकांनी तिची लागवड केली आणि तिचे टिकाऊ पदार्थ केले. पाचगणीला १९५९ साली मॅप्रोचा उद्योग सुरू झाला. पुढे २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका नाजूक, नासणाऱ्या फळाला वर्षभर मागणी मिळाली ती मुरंब्याच्या आणि सरबताच्या बाटलीमुळे. करवंद तर इथलेच, बिनपाण्याचे आणि बिनखताचे. पण पाटीतले द्रोणभर फळ आणि वर्षाचे लोणचे यांपलीकडे त्याला आपण फारसे घरात घेतले नाही. ज्याचा घरात उपयोग नाही त्याचा बांधावरही मुलाहिजा राहत नाही. रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना, तारेचे कुंपण घालताना पहिली कुऱ्हाड करवंदीच्या जाळीवर आणि जांभळाच्या झाडावर पडते, आणि त्या वेळी “अहो, ते राहू द्या” असे म्हणायला कोणी पुढे येत नाही. मुलांनी ज्या झाडाचे फळ घरी नेऊन शिजवले असेल, त्या झाडासाठी मात्र कोणी तरी नक्की बोलेल.

म्हणून श्रोतेहो, या उन्हाळ्यात दोन गोष्टी करा. दिवस कलल्यावर थांब्यावरच्या बाईची राहिलेली पाटी घासाघीस न करता घ्या, आणि घरी हा पदार्थ करून पाहा. काढलेल्या बिया फेकू नका. करवंदाची बी ताजी असतानाच रुजते. वाळवून ठेवली की तिचा भरवसा नाही. पिशवीत रोपे करा आणि पाऊस लागला की शेताच्या बांधावर, शाळेच्या आवाराकडेला ती लावा. दोन-तीन वर्षांत फळ धरू लागेल, काट्यांमुळे गुरेही आत शिरणार नाहीत, आणि पुढच्या मुलांना करवंद चित्रात दाखवावे लागणार नाही.