नजरेची हद्द

आमच्या आणि शेजारच्या अण्णांच्या प्लॉटमध्ये पंचवीस वर्षं मेंदीचं कुंपण होतं. नागपंचमीला त्यांच्या मुली पाला तोडायच्या, ईदच्या आदल्या दिवशी आमच्या. कुंपण नेमकं कोणाच्या हद्दीत आहे, हे कधी कुणी विचारलं नाही.

मग एका रात्री अण्णांची पाण्याची मोटर चोरीला गेली. महिनाभरात मेंदी निघाली, सहा फुटी भिंत उभी राहिली आणि भिंतीच्याही वर लोखंडी खांबावर कॅमेरा बसला. भिंत वीतभर आमच्याकडे सरकली आहे, असं मला वाटलं. शब्दाने शब्द वाढला. मी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज केला, पैसे भरले. मोजणीदार आले, त्यांनी खुणा दाखवल्या. भिंत अण्णांच्याच हद्दीत निघाली. मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात पडली आणि मी गप्प झालो.

जमिनीचा निकाल असा कागदावर लागतो. कॅमेऱ्याचं मात्र तसं नाही. खांब त्यांच्या जागेत, डोळा आमच्या परसात. हे कोणत्या टेपने मोजायचं?

आमच्या घरात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही. फक्त बायको न्हाल्यावर केस वाळवायला परसात बसेनाशी झाली. कपडे धुताना डोक्यावरचा पदर सारखा सावरू लागली. एक दिवस म्हणाली, "अहो, आपल्याच घरात परक्यासारखं वाटतं."

मी एका वकील मित्राला गाठलं. त्याने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात म्हटलं, की सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावणं हा खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण मला नवल वाटलं ते जुन्या कायद्याचं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्काचं एक उदाहरण दिलं आहे. एखाद्या गावाची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घरातला सहसा कुणाला न दिसणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही खासगीपणाचा असा रूढीगत हक्क मान्य केला होता. कॅमेरा नवा आहे, तक्रार जुनीच.

मित्र म्हणाला, "नोटीस देऊ. पण आधी एकदा बोलून बघ."

संध्याकाळी गेलो. आमच्या आईने लहानपणी शिकवलं होतं, कुणाच्या दाराशी गेलं तर समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. दार उघडताच नजर आत जाऊ नये म्हणून. तीनदा सलाम करायचा, उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परतायचं. त्या सवयीने मी बाजूला उभा राहिलो.

अण्णांनी आत बोलावलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. "बघा भाई, मी फक्त माझी मोटर बघतो." पडद्यावर मोटर कोपऱ्यात होती. मध्यभागी आमचं परस होतं, धुण्याचा दगड होता आणि त्यापाशी वाकलेली माझी बायको. अण्णांनी फोन पालथा घातला. पुण्यातला त्यांचा मुलगाही हेच चित्र बघत होता. ते हळूच म्हणाले, "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

मी विजयी झाल्यासारखा बसलो होतो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाई, तुमच्या माडीच्या खिडकीतून आमची मोरी दिसते. दहा वर्षं झाली."

मी खिडकीशी बसून कविता लिहितो. समोर त्यांच्या मोरीला एक जुनी साडी बांधलेली असते. ती उन्हासाठी आहे, असं मी दहा वर्षं समजत होतो.

दारापाशी मी आईची शिकवण जन्मभर पाळली. माडीला खिडकी ठेवताना ती आठवली नाही. आणि वकिलाकडे खिडकीचं उदाहरण ऐकतानाही मला फक्त अण्णांचा कॅमेराच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माणूस बोलावून कॅमेरा फिरवला. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा नको तो भाग काळा करून झाकण्याची सोय असते, तीही करून घेतली. आवाज टिपणं बंद केलं. मी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच बसवली. उजेड पूर्वीइतकाच येतो.

चोरीची भीती खोटी नाही, त्यामुळे कॅमेरे लागणारच. पण लावण्याआधी शेजाऱ्याला बोलवावं आणि पडदा त्याला दाखवावा. आपल्याला काय दिसतं हे त्याला कळू द्यावं. आणि त्याच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या माडीवर जाऊन खिडकीतून एकदा खाली बघावं.

भिंत आहे तिथेच आहे. वहिनींनी मोरीवरची साडी काढली. या पावसाळ्यात भिंतीच्या आमच्या बाजूला मी मेंदीच्या चार काड्या खोचल्या आहेत. दोन जगल्या आहेत. नागपंचमीपर्यंत पाला पुरेसा होणार नाही, पण पुढच्या वर्षी होईल.