परकीय भाषेची परीक्षा आणि न्याय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी भाषेचा पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव हिंडलेला एक साधा पदवीधर. परंतु आज आपल्या घरांतील मुलेमुली विद्यापीठांतून जर्मन, फ्रेंच, जपानी शिकत आहेत. त्यांच्या प्रगतीचे मोजमाप न्यायाने होते काय, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

त्याला कारण आहे. १९९८ साली कचेरी सुटल्यावर मी एका विद्यापीठाच्या सायंवर्गात जर्मन शिकत असे. तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्हांला दोन खोल्यांत विभागले. आमच्या खोलीत नाव, गाव, आवडीनिवडी एवढेच विचारले. शेजारच्या खोलीत वर्तमानपत्रातील उतारा देऊन त्यावर मत मागितले. निकाल मात्र एकाच यादीत लागला. ज्यांच्या वह्या आम्ही सारे उतरवून घेत असू, त्या भगिनी अनुत्तीर्ण झाल्या. मी उत्तीर्ण झालो. त्यांनी भाषाच सोडली. मी मात्र गप्प राहिलो. ते प्रमाणपत्र आजही कपाटात आहे. ते कोणाला दाखवावेसे वाटत नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. १८८८ साली एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात परीक्षांच्या गुणदानाची चिकित्सा केली. त्याच्या या विषयावरील लेखनात लॅटिन गद्यलेखनाच्या एकाच उत्तराचा दाखला आहे. ते २८ जाणत्या परीक्षकांनी तपासले, तेव्हा गुण पडले ४५ पासून १०० पर्यंत! सारेच विद्वान, सारेच प्रामाणिक. मग अंतर का पडले? एकाला व्याकरण मोलाचे वाटते, दुसऱ्याला ओघ, तिसऱ्याला शब्दांची निवड. शिवाय सकाळी उदार असलेला परीक्षक सायंकाळी थकून कठोर होऊ शकतो, हेही खरेच.

यावर उपाय अवघड नाहीत. उच्चार, व्याकरण, शब्दसंपदा आणि आशय यांना किती गुण, हे परीक्षेपूर्वी ठरवून विद्यार्थ्यांना सांगावे. सर्व परीक्षकांनी काही नमुना उत्तरे आधी एकत्र बसून तपासावीत. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकावे. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक असावेत, प्रश्नांची काठिण्यपातळी सारखी असावी आणि संभाषण ध्वनिमुद्रित करावे. नाहीतर बोललेला शब्द हवेत विरतो आणि दाद मागायला पुरावाच उरत नाही. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवरील विद्यार्थ्याला स्वतःची ओळख करून देता यावी, समोरचा सावकाश बोलत असल्यास साधे प्रश्नोत्तर करता यावे, एवढीच अपेक्षा आहे. त्याच्याकडून वर्तमानपत्रावर भाष्य मागणे हा अन्यायच होय.

कोणी म्हणतील, भाषा ही काय तांदूळ आहे, तराजूत घालून तोलायला? शंका रास्त आहे. भाषेतील गोडवा कोणत्याही कोष्टकात पुरता मावत नाही, आणि परीक्षकाच्या जाणतेपणाची जागा कोष्टक घेऊ शकत नाही. परंतु निकष ठरलेला नसेल, तर परीक्षकाची लहर हाच निकष होऊन बसतो.

परप्रांतात राहणाऱ्या आपणांस परक्या भाषेत अडखळणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. नव्या गावी भाजीवाल्याशी बोलताना आपण सारेच कधीतरी चुकलो, आणि समोरच्याने सांभाळून घेतले म्हणून शिकलो. परीक्षकाने सांभाळून घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. त्याने सर्वांना एकच माप लावावे, एवढेच मागणे आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे होत नसेल, तर सभ्यपणे पण स्पष्टपणे विचारा. मी विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.