घरचा आवाज जपताना

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या कारखान्याभोवती वसाहत वसली आणि सिविक सेंटर हे तिचे बाजाराचे व भेटीगाठींचे ठिकाण बनले. भारताच्या कानाकोपऱ्यांतून येथे माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. ती पिढी आता थकली आहे. आजीची जात्यावरची ओवी तिच्याच आवाजात जपून ठेवावी, असे एखाद्या नातवाला वाटते. तो मायक्रोफोन आणतो आणि पुढच्याच पायरीवर अडखळतो: प्रीअँप कोणता घ्यावा, आणि किती किमतीचा?

प्रीअँपचे काम साधे, पण नाजूक आहे. डायनॅमिक मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्दाब व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळदा कमी असतो. तो सुमारे हजारपट, म्हणजे ६० डेसिबलांनी, वाढवावा लागतो. मात्र आवाजाबरोबर खरखरही वाढते, आणि एकदा मुद्रणात शिरलेली खरखर पुढे निर्मळपणे वेगळी काढता येत नाही. म्हणून खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात: ६० डेसिबलांची वाढ, कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टांची सोय आणि तीन तारांच्या संतुलित जोडणीची जागा. आपलाच मायक्रोफोन दुकानात न्यावा, वाढीचे बटण शेवटपर्यंत फिरवावे आणि कानाला हेडफोन लावून खरखर ऐकावी.

महागडे यंत्र घेतल्यास ही खरखर नाहीशी होईल काय? मुळीच नाही. मायक्रोफोनच्या १५० ओहम रोधातील उष्णतेचीच खरखर सुमारे उणे १३१ डीबीयू असते. तिच्या खाली कोणालाच जाता येत नाही. आजच्या स्वस्त ऑडिओ इंटरफेसमधील प्रीअँपही उणे १२८ च्या आसपास पोहोचतात. उलट फिरता पंखा किंवा उन्हाळ्यातला कूलर यांचा आवाज या तीन डेसिबलांच्या फरकाला सहज गिळून टाकतो.

वाढ किती ठेवावी, हे गळ्यावरून ठरते. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे चटकन उमगेल. तेथे हळुवार निवेदनातून भीमाची गर्जना क्षणात उसळते. गर्जनेला बटण लावावे. हळुवार बोल आपोआप सांभाळले जातात. हळुवारावर बेतले, तर गर्जना फाटते.

तेव्हा नातवाने मध्यम किमतीचे यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांत जाड पडदे व गोधड्या आणाव्यात. पहाटे, पंखा बंद करून, मायक्रोफोन आजीच्या मुखापासून वीतभर अंतरावर ठेवावा. यंत्र पुढेही मिळेल. ती ओवी म्हणणारा कंठ मात्र पुन्हा मिळणार नाही.